पोळ्यांच्या डब्यातले मोबाइल

जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात, नवजात बाळांच्या विभागात मी इनचार्ज सिस्टर आहे. विभाग म्हणजे काचेच्या दाराआडची एक उबदार खोली, तिच्यात ओळीने लावलेले वॉर्मर आणि त्यांच्यावर ओंजळीत मावतील अशी बाळं. दाराबाहेर आणखी एक छोटी खोली आहे. तिथे हात धुवायचं बेसिन, गाऊन टांगायच्या खुंट्या, चपलांचं कपाट आणि माझं टेबल. आत जायचं तर चपला काढायच्या, घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग गाऊन चढवायचा. यात आम्ही कुणाची गय करत नसू. एखाद्या बाळाची आजी म्हणाली की बांगडी निघत नाही, तर तिच्या मनगटाला साबण लावून आम्ही ती काढून घेत असू.

आणि एवढं सगळं झालं की धुतलेल्या हातांनी आम्ही खिशातून मोबाइल काढत असू.

यात कुणालाच काही खटकत नव्हतं. मोबाइल ही एक वस्तू आहे, ती कुठेकुठे फिरून येते, हेच आम्ही विसरलो होतो. तो आमचं सहावं बोट झाला होता. रिक्षात, कँटीनच्या टेबलावर, संडासात, भाजीबाजारात वांगी निवडताना तो सोबत असे, आणि तसाच आमच्याबरोबर बाळांच्या खोलीतही येई. औषधाचा हिशोब करायला तोच, वेळ बघायला तोच, बाळाच्या बुबुळावर उजेड टाकायलाही तोच. मोठे सर, म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर, एका हाताने बाळाची छाती तपासत आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावत. हात धुवायचा नियम त्यांनीच घालून दिलेला.

मग एका पावसाळ्यात आमच्या बाळांचे डोळे चिकटू लागले. एकाचे बरे झाले की दुसऱ्याचे. दुखणं मोठं नव्हतं, औषधाचे थेंब घातले की उतरायचं, पण बाळं घरी जायला उशीर होत होता आणि आया काचेपलीकडे ताटकळत होत्या. सर बेचैन झाले. त्यांनी नळ तपासायला लावले, वॉर्मरच्या गाद्या बदलल्या, एसीची जाळी काढून धुतली, साबणाची कंपनी बदलली. डोळे चिकटायचे थांबले नाहीत. शेवटी लॅबवाल्या बाई एक दिवस कापसाच्या काड्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, सगळ्यांनी आपापले मोबाइल टेबलावर ठेवा. त्यांनी प्रत्येक मोबाइलवरून एकेक काडी फिरवली आणि निघून गेल्या.

दोन-तीन दिवसांनी त्या काचेच्या बशा घेऊन आल्या. एकेका बशीत असा मळा फुलला होता की बघवत नव्हतं. कुठे पिवळे ठिपके, कुठे पांढरी साय, एकीत तर बुरशीची लवच उगवली होती. सरांनी त्या बशा माझ्या टेबलावर मांडल्या. कोणती बशी कुणाची ते मात्र त्यांनी लिहू दिलं नव्हतं. त्याचा परिणाम असा झाला की प्रत्येकाला त्या लववाल्या बशीवर दुसऱ्याचंच नाव दिसू लागलं. नर्स म्हणाल्या, ही डॉक्टरांची. डॉक्टर म्हणाले, ही नर्सेसची. आमच्या मावशी, ज्या विभागाची साफसफाई बघतात, त्यांनी सरांच्या खिशाकडे बघितलं. त्या दिवशी दुपारी स्पिरिटची बाटली एकदम अर्ध्यावर आली. जो तो कोपऱ्यात जाऊन गुपचूप आपला मोबाइल पुसत होता.

सरांनी नियम केला की मोबाइल काचेच्या आत न्यायचा नाही. आत जाणाऱ्याने तो बाहेर ठेवायचा, ठेवताना पुसायचा आणि परत घेतानाही पुसायचा. ठेवायचे कुठे हा प्रश्न आला तेव्हा मी घरून माझा पोळ्यांचा स्टीलचा डबा आणला. मुलं पुण्याला गेल्यापासून आम्हा नवरा-बायकोच्या पोळ्यांना तो मोठाच पडत होता. तळाशी उकळून वाळवलेलं फडकं घातलं आणि डबा टेबलावर ठेवला.

पहिला आठवडा बघण्यासारखा होता. तंबाखू सोडलेल्या माणसाचा हात जसा उगाच खिशाकडे जातो, तसे सगळ्यांचे हात गाऊनवरून फिरत राहिले. मग लक्षात आलं की आत घड्याळच नाही. ते आणलं. औषधाचा हिशोब करायला कॅलक्युलेटर नाही. सरांनी किराणा दुकानात असतो तसा मोठ्या बटणांचा एक आणला. तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून आम्ही भिंतीला बांधून टाकला. टॉर्चही नवीन आली. नियम सर्वांत जास्त कुणी मोडला असेल तर सरांनीच. ते बोलता बोलता तसेच दाराकडे निघत. मावशी डबा दोन्ही हातांत धरून त्यांच्यासमोर उभ्या राहत, देवळात आरतीचं ताट फिरवतात तशा. सर ओशाळून फोन आत टाकत.

डब्याचं झाकण लावलं तर फोनची रेंज जायची, म्हणून झाकण काढून ठेवलं. मग आवाज सुरू झाले. एकाच वेळी दोन-तीन फोन थरथरले की स्टीलचा डबा टेबलावर अक्षरशः गुरगुरायचा. बाहेर बाकावर धरणगावचे एक आजोबा नातवासाठी बसलेले असत. ते एकदा आत डोकावून मला म्हणाले, ताई, तुमचा कुकर बघा. शेवटी सरांनी मलाच सांगितलं की सिस्टर, घरचे फोन आले तर तुम्ही उचला, तातडीचं आहे का विचारा, नसेल तर ठेवून द्या. टेबल माझं असल्यामुळे ते काम माझ्याच गळ्यात पडलं. फोन पुसायचा, उचलायचा, बोलायचं, परत पुसायचा, हात धुवायचे.

अशी मी सगळ्या विभागाच्या घरांत शिरले. सरांच्या पत्नी भरताच्या वांग्यांची आठवण करून द्यायला फोन करत. सर आत आहेत असं मी सांगितलं की त्या म्हणत, बरं झालं तुम्ही उचलता, ते स्वतः उचलतात तेव्हाही हेच सांगतात, पण मागून कँटीनचा आवाज येतो.

पण माझं खरं बोलणं सुरू झालं ते एका वेगळ्याच घराशी. आमच्याकडे एक तरुण डॉक्टर होते, शिरपूरकडच्या एका खेड्यातले. घरी कापसाची शेती, एकुलते एक, कामाला चोख आणि बोलायला अतिशय लाजाळू. त्यांच्या आईचा फोन रोज दुपारी जेवणाच्या वेळेला यायचा. पहिल्यांदा मी उचलला तेव्हा पलीकडे जरा गोंधळ झाला. मग सावकाश, शाळेतल्या मराठीत प्रश्न आला, की तो जेवला का एवढंच सांगा, तातडीचं काही नाही. मी म्हटलं, आत आहेत, आता जेवतील. तेवढ्यात त्यांनी फोन बाजूला धरून घरात कुणाला तरी सांगितलं, "तो नही उचलस, कोनी बाई बोली ऱ्हायनी."

मला हसू आलं. मी म्हटलं, "अक्का, तो आते जेवाले जाई. काळजी करू नका."

 मग त्यांनी विचारलं, "तू कथानी वं माय?"

"मी धुयानी शे," मी सांगितलं.

बस, तेवढं पुरलं. धुळ्यात माझं माहेर. आई होती तोवर रोज संध्याकाळी तिच्याशी फोनवर अहिराणीत बोलणं व्हायचं. ती गेली आणि ती बोली माझ्या तोंडातून जवळजवळ उतरलीच होती. भावाची मुलं शहरी मराठी बोलतात, सासर जळगावचं, त्यांची बोली वेगळी, दवाखान्यात तर सगळा पुस्तकी कारभार. आता रोज दुपारी, हातात स्पिरिटचा बोळा धरून, मी परक्या माणसाच्या फोनवर पाच-दहा मिनिटं माहेरच्या भाषेत बोलू लागले. अक्का आधी मुलाचं जेवण विचारत, मग माझं. मग कापसावर पडलेली अळी, गुडघ्याचं दुखणं, शेजारणीची सून, असं करत करत गाडी ठरलेल्या जागी येऊन थांबे. मुलाचं लग्न. स्थळं येत होती, हा हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. विचारलं की म्हणे, आई, आत्ता बाळांकडे जायचंय.

आणखी एक गोष्ट त्या लाजाळू डॉक्टरांच्या फोनवर मला दिसत होती. अक्कांचा फोन यायच्या थोडा आधी रोज एक फोन यायचा आणि पडद्यावर नाव उमटायचं, गॅस एजन्सी. घरच्यांचेच फोन उचलायचे असा नियम असल्यामुळे तो मी वाजू देत असे. पण एकटा राहणारा, मेसच्या डब्यावर जेवणारा माणूस रोज रोज गॅस कशाला मागवतो, हे कोडं मला पडलं होतं. एक दिवस तो फोन थांबेचना. वाजून बंद झाला, लगेच परत वाजला, परत वाजला. मला वाटलं, कुठे गळतीबिळती झाली असेल. मी पुसून उचलला.

पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "अरे, आज डबा खाल्लास की बिस्किटांवरच..." आणि थांबला.

मी म्हटलं, "मी सिस्टर बोलतेय. डॉक्टर आत आहेत. आपण कोण?"

उत्तर अडखळत आलं. "मी... गॅस एजन्सीतून."

"बरं," मी म्हटलं. "मग सिलिंडर कधी पाठवताय?"

"सर म्हणतील तेव्हा," ती कसंबसं म्हणाली आणि फोन बंद झाला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांना गंभीरपणे निरोप दिला की एजन्सीवाल्या बाईंनी तुम्ही जेवलात का ते विचारलंय, सेवा फार चांगली दिसते. मास्कच्या वर जेवढा चेहरा दिसत होता तेवढा लाल झाला. मग बेसिनपाशी हात धुता धुता त्यांनी मला सगळं सांगितलं. मुलगी धुळ्याला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. कॉलेजपासूनची ओळख. घर रावेरकडचं, केळीच्या बागा असलेलं. माणसं चांगली, शिकलेली, पण जात एक नाही. ते केळीवाले, आम्ही कापूसवाले, असं ते म्हणाले, पण आम्हा दोघांनाही कळत होतं की गोष्ट पिकांची नाही. घरी सांगायची हिंमत होत नव्हती. फोन कधी आईच्या हाती पडलाच तर नाव दिसू नये म्हणून एजन्सी. आणि आईने विचारलं की घरी स्वयंपाक का करत नाहीस, तर तिलाही सांगून ठेवलेलं, की अजून गॅस मिळाला नाही.

"तुम्ही आईशी रोज बोलता, सिस्टर," ते म्हणाले. "तुम्हीच हळूच विषय काढा ना."

मी सरळ नाही म्हटलं. म्हटलं, मी फोन पुसायला बसलेय, सोयरीक जमवायला नाही. तुमच्या आईला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. त्यांना ते पटलं, पण पटलेलं करायला त्यांनी पुढचे दोन महिने घेतले. त्या दोन महिन्यांत माझी अवस्था अवघड होती. दुपारी आधी गॅस एजन्सी वाजायची आणि मागोमाग अक्का. अक्का मला धुळ्याच्या एका शिक्षिकेच्या स्थळाचं कौतुक ऐकवायच्या आणि मी हो हो म्हणत बोळ्याने टेबलच पुसत बसायचे.

मग एक दिवस अक्का स्वतःच आल्या. बाजारहाटासाठी नव्हे, मुलाचं काम बघायला आणि मला बघायला. ठेंगणी, ताठ चालणारी बाई, गुडघा दुखत असूनही. माझ्यासाठी पिशवीभर बिबडे आणले होते, ज्वारीचे पापड, घरी उन्हात वाळवलेले. इतके महिने नुसता आवाज ऐकलेला, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींकडे जरा वेळ बघतच राहिलो. त्या म्हणाल्या, आवाजावरून तू मला जाड वाटली होतीस.

मुलगा आत होता. मी त्यांना आत नेता येणार नाही म्हटलं, पण काचेपर्यंत यायलाही हात धुवायला लावले आणि कमरेच्या बटव्यातला बटणांचा छोटा फोन पुसून डब्यात ठेवला. का ते सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. खेड्यात बाळंतिणीच्या खोलीत बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय शिरत नाही, तसंच हे, असं त्या म्हणाल्या. त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. आत त्यांचा लाजाळू मुलगा एका एवढ्याशा बाळाच्या हातात सुई घालत होता. सुई गेली तेव्हा अक्कांनी स्वतःचा हात चोळला.

त्याच वेळी डबा गुरगुरला. मी वळून बघेपर्यंत अक्का टेबलापाशी पोचल्या होत्या. फोन वाजला की जवळ असेल तो उचलतो, अशा घरातल्या त्या. मुलाचा फोन त्यांनी ओळखला, पडद्यावरचं नाव अक्षर लावून वाचलं, गॅस एजन्सी, आणि माझ्या हातातला बोळा जागीच राहिला. त्यांनी फोन कानाला लावला.

"मी त्यानी माय बोलस," त्या म्हणाल्या. "मना पोऱ्या कवयना बाहेर जेवस. तुम्ही सिलिंडर काबर देतस नही?"

पलीकडे काय झालं असेल ते मला आवाज न ऐकताही दिसत होतं. पण ती मुलगी धीराची निघाली. तिने फोन ठेवला नाही. काकू, आमचं चुकलं, लवकरच सोय करते, असं काहीतरी ती म्हणाली असावी, कारण अक्का जरा निवळल्या. मग त्यांनी तिला गाव विचारलं. रावेरकडची म्हटल्यावर त्यांनी विचारलं की परवाच्या वादळात केळी पडली का तुमची. मुलीच्या वडिलांची अर्धी बाग आडवी झाली होती. ते तिने सांगितलं आणि अक्का खुर्चीत बसल्याच. केळीचं एक वेळ बरं, घड तरी दिसतो, कापसाच्या बोंडात आत काय चाललंय ते कळत नाही, असं त्या म्हणाल्या. दोघी शेतीवर इतका वेळ बोलल्या की मी मध्ये दोनदा काचेतून आत बघून आले. शेवटी अक्कांनी तिला, वडिलांना धीर दे असं सांगून फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "पोर बोलाले चांगली शे. गॅसवाली वाटस नही."

मी तोंड फिरवून गाऊनच्या घड्या घालू लागले.

डॉक्टर बाहेर आले. अक्कांनी मोठ्या समाधानाने त्यांना सांगितलं की तुझ्या एजन्सीवालीला चांगलं सुनावलंय, आता सिलिंडर येईल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर दिली नाही. ते चपलांच्या कपाटाला टेकून उभे राहिले, मास्क काढला आणि म्हणाले, "आई, ती गॅसवाली नाही."

बाकीचं त्यांनी दोन-चार वाक्यांत सांगितलं. अक्का ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुले मालूम व्हतं?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी हात पुढे केला, त्यांच्या फोनसाठी. मी डब्यातून तो काढला आणि सवयीने पुसायला लागले. त्या पुसून होईपर्यंत हात तसाच पुढे धरून उभ्या राहिल्या.  फोन बटव्यात टाकून त्या मुलाबरोबर बसस्टँडकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारचा फोन आला नाही. नंतरही नाही. आई आता रात्री मी घरी असताना फोन करते, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या वडिलांनी नाही म्हणून सांगितलं होतं आणि आई हो-नाही काहीच बोलत नव्हती. मला मात्र दुपार रिकामी वाटू लागली. बिबडे घरी नेऊन ठेवले होते, ते तळायचं मन होईना. नवऱ्याने एकदा विचारलं, कुणी गेलं का तुझ्या माहेरचं. मी म्हटलं नाही. पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

बाळांचे डोळे तोवर केव्हाच चिकटायचे थांबले होते. ते फोनमुळे की गाद्यांमुळे की नव्या साबणामुळे, हे लॅबवाल्या बाई छातीठोकपणे सांगायला तयार नव्हत्या. सर मात्र परगावच्या डॉक्टरांना अभिमानाने पोळ्यांचा डबा दाखवत, कितीदा तरी स्वतःचा फोन हातात धरून.

हिवाळा लागला तेव्हा एक दिवस डब्यात माझाच फोन वाजला. नंबर अनोळखी. तरुण डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते.

"आज तो नही ना तठे?" अक्कांचा आवाज.

मी म्हटलं, नाही, सुट्टीवर आहेत. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे, म्हणूनच तुला केला. नंबर मुलाकडून घेतला होता, कशाला ते न सांगता. मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी घरात अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्या एकट्याच एसटीने धुळ्याला जाऊन आल्या होत्या. घरी सांगितलं गुडघा दाखवायला जाते, आणि ते खोटंही नव्हतं. त्या थेट त्या मुलीच्या दवाखान्यात गेल्या, नाव दुसरंच लावून, आणि रांगेत बसल्या. आधीच्या पेशंटच्या वेळी मुलीचा फोन वाजला. तिने तो न बघता ड्रॉवरमध्ये टाकला, हात धुतले आणि मगच पुढे आली. हे अक्कांनी माझ्याकडून शिकलेल्या नजरेने टिपलं होतं. त्यांचा नंबर आला. मुलीने गुडघा दाबून पाहिला, पाय वर-खाली करायला लावला, कसं बसायचं, कसं उठायचं ते शिकवलं. अक्का कमीत कमी बोलत होत्या. तरी आवाज तो आवाज. मुलीने तो पहिल्या वाक्यालाच ओळखला होता, पण सगळे व्यायाम पूर्ण होईपर्यंत तिने काही दाखवलं नाही.

"मंग मी उठनू," अक्का मला सांगत होत्या, "आणि तिले इचारं, सिलिंडरनं काय व्हयनं?"

"मग? हसली असेल," मी म्हटलं.

"नही वं. रडाले लागनी."

 मग म्हणाल्या, तुझ्यावर माझा राग होता. मुलाने लपवलं त्याचं एवढं नाही, मुलं लपवतातच. पण तू रोज बोलायचीस. मी म्हटलं, अक्का, मी सांगितलं असतं तर तुम्ही मुलावर रागावला असता आणि मला त्याने कधी फोन उचलू दिला नसता. त्यांनी त्यावर विचार केला आणि विचारलं, बिबडे खाल्ले का. मी खरं सांगितलं, नाही. त्या म्हणाल्या, वास लागेल, आजच तळ.

पुढचं काही झटपट झालं नाही. डॉक्टरांचे वडील हट्टाला पेटले होते आणि मुलीचे रावेरकडचे काकाही काही कमी नव्हते. अक्कांनी भांडण केलं नाही. त्या दर पंधरा दिवसांनी गुडघ्यासाठी धुळ्याला जात राहिल्या आणि दर वेळी परत येताना आधीपेक्षा बऱ्या चालत आल्या. शेवटी त्यांच्या नवऱ्याने विचारलं, ही कोण डॉक्टरीण आहे एवढी गुणाची, तेव्हा त्यांनी सांगितलं. ते आठवडाभर बोलले नाहीत. मग म्हणाले, एकदा घेऊन ये. मुलगी एकदा आली, ती संध्याकाळी त्यांच्याबरोबर बांधावर उभी राहून कापूस बघत होती, असं अक्कांनी मला कळवलं.

लग्न धुळ्याला झालं, उन्हाळ्याच्या तोंडावर. सर आले होते. मंगलाष्टकं चालू असताना अक्षता टाकायचं सोडून ते मोबाइलवर व्हिडिओ काढत होते आणि त्याच हाताने नंतर त्यांनी वरण-बट्टी कुस्करली.  मावशी त्यांच्यासमोर बसल्या होत्या, त्यांनी फक्त बघितलं, आणि सर उठून हात धुऊन आले. नवरीने मला वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, सिस्टर, तुम्ही मला सिलिंडर कधी पाठवताय असं विचारलंत ना, त्या दिवशी मी ड्युटी सोडून जिन्यात जाऊन बसले होते.

ती दोघं आता धुळ्यालाच काम करतात. अक्का अर्धा महिना त्यांच्याकडे, अर्धा शेतावर. दुपारचा फोन चालू आहे, माझ्या स्वतःच्या नंबरवर. परवा त्यांचा सूर जरा तक्रारीचा होता. सून घरात आली की आधी सगळ्यांचे फोन गोळा करते आणि पुसते. अक्कांच्या फोनचं कव्हर काढून तिने आतला मळ तर काढलाच, पण त्यात जपून ठेवलेला देवीचा अंगाराही धुतला गेला. सूनबाई अंगाऱ्याची नवी पुडी आणायला वणीला जायला तयार आहे, पण ती सारखी म्हणते की अंगारा दुसरीकडे ठेवा. "तूच सांग बाई," अक्का म्हणाल्या, "कोन बराबर शे?"

मी म्हटलं, अक्का, अंगारा देवघरात ठेवा.  त्या म्हणाल्या, तूबी तिच्याच बाजूची निघालीस, आणि मी जेवले का ते विचारलं.